रात्रीची पाळी

पहाटे ३. आज गजर माझ्या उशाशी. लेक नऊ वर्षांची, टाइप १ मधुमेह. अंधारात बोट शोधते, तर ती झोपेतच पुढे करते. मीटरवर ६४. ७० च्या खाली म्हणजे 'लो'. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून पाजायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा टोचायचं. ती पंधरा मिनिटं सरता सरत नाहीत. रात्रीचं इन्सुलिन जास्त झालं का? संध्याकाळची लंगडी हिशेबात धरली नाही का? स्वतःची सगळी उलटतपासणी याच वेळात होते. मग ९२ दिसतात.

सकाळी ७. वाटीभर पोहे, त्या हिशेबाने डोस. सुई टोचून दहापर्यंत अंक मोजायचे, मगच काढायची. जागा रोज बदलायची, नाहीतर गाठी येतात.

दुपारी १. पतसंस्थेत काउंटरवर असते. शाळेतून बाईंचा फोन: २८७. आज गणिताचा पेपर होता, ताणानेही साखर चढते. तक्त्याप्रमाणे जेवणाआधीच्या डोसमध्ये किती वाढवायचं ते सांगते. शेजारची सहकारी हळहळते, "लहानपणी गोड फार दिलंत का हो?" हा प्रश्न प्रत्येक आईला कुणीतरी विचारतंच, आणि त्यामागचा समज खोटा आहे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. त्यात लाडूचा दोष नाही, आईचाही नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधीच्या आया उपाशी ठेवलेलं लेकरू झिजताना नुसत्या बघत होत्या. मला पहाटे उठून करण्यासारखं काहीतरी आहे. त्यांना नव्हतं.

संध्याकाळी ६. खेळायला जाण्याआधी शुगर तपासायची, खिशात ग्लुकोज. बस.

रात्री १०. वहीत आजचे आकडे उतरवते. पूर्वी पुढे कारण लिहायचे, म्हणजे बहुतेक स्वतःलाच दोष. आता नुसता आकडा आणि वेळ. डॉक्टरांना माझा दोष नको असतो. एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी; ६४ आणि २८७ दोन्ही तिच्यात विरून जातात. स्वादुपिंड क्षणोक्षणी करतं ते काम आपण सुईने आणि अंदाजाने करतो. आकडा कधी वर, कधी खाली जाणारच. तो गुन्हा नाही.

उद्या पहाटे नवरा उठेल. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी पहिल्या आठवड्यापासूनच रात्रीची पाळी वाटून घ्या. एकट्या आईवर टाकू नका.