दाण्यातला ओलावा

संत्र्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नरखेड तालुक्यात सोयाबीनही पिकते, हे नागपुरात बसून सहसा ध्यानात येत नाही. हे पीक हाती येते ते नेमके परतीच्या पावसाच्या दिवसांत. दाणा अंगणात वाळवावा तर आभाळ भरलेले. घरात पोत्यांची थप्पी लावावी तर तो आतून तापू लागतो. साठवलेले धान्य निर्जीव नसते, ते श्वसन करते. ओलावा वाढला की श्वसन वाढते, त्यातून उष्णता आणि आणखी ओलावा निर्माण होतो व बुरशीला आयते घर मिळते. असा दाणा पुढल्या वर्षी बियाणे म्हणून पेरला, तर तो उगवेलच याची शाश्वती नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, केंद्र सरकारने हमीभाव खरेदीतील सोयाबीनच्या ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के केली. विक्रीची अडचण त्यामुळे कमी झाली, हे खरे. परंतु बुरशी सरकारी आदेश वाचत नाही. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरसलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन नामक विषाने यकृताचा विकार जडून शंभरावर माणसे दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. हे विष साध्या शिजवण्याने नाहीसे होत नाही.

बाजारात मात्र ओलाव्याची चर्चा होते ती भाव पाडण्यापुरती, आणि मोजण्याचे यंत्र असते घेणाऱ्याच्या हाती. वस्तुतः हिशेब सोपा आहे. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे पाण्यापोटी न्याय्य घट सात किलोंची. वाळवण्याचा खर्च वेगळा धरावा. त्याहून अधिक कपात होते ती शेतकऱ्याच्या निकडीची. तालुक्यातील शिक्षकांनी शेकडेवारीच्या तासाला हेच उदाहरण घालण्यास हरकत नसावी.

दाताखाली दाणा फोडून पाहण्याची जुनी रीत अगदीच टाकाऊ नाही. कोरड्या काचेच्या बरणीत कोरडे मीठ व दाणे घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून अधिक समजावा. परंतु व्यापाऱ्यापुढे बरणीचा पुरावा चालत नाही. त्यासाठी गावातच ओलावा मोजण्याचे यंत्र हवे आणि पावसाची सर आली तरी माल झाकता येईल असे छपराचे पक्के खळे हवे. ग्रामपंचायतींनी व बाजार समितीने ही सोय दसऱ्यापूर्वी करावयास हवी. दिवाळीनंतर तिचा उपयोग नाही.