मद्रासची मतपेटी आणि समुद्रापलीकडचे व्यवहार

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात तामिळनाडूची विधानसभा भरते. तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. परंतु त्या समुद्रापलीकडील राष्ट्राशी करार करण्याचा अधिकार या सभागृहाला नाही. आपले सरकार निवडण्याचा हक्क आहे, पण परराष्ट्राशी बोलण्याचा नाही, अशा प्रदेशाचा कारभार कसा चालतो, हे मद्रासच्या इतिहासातून चांगले समजते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी ‘सोपीव’ खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेली. महसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या हाती राहिली. नोव्हेंबर १९२० मध्ये मद्रासला पहिली निवडणूक झाली. काँग्रेसने बहिष्कार घातल्यामुळे जस्टिस पक्षाचे बहुमत झाले व सुब्बरायलू रेड्डियार पहिले मुख्यमंत्री झाले. मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता. तरी १९२१ मध्ये स्त्रियांना तो देण्यात मद्रासने इतर प्रांतांच्या आधी पाऊल टाकले, हे विसरता कामा नये. परराष्ट्र व्यवहार मात्र प्रांताच्या राखीव खात्यांतही नव्हते. ते व्हाइसरॉयकडे आणि त्याच्यावर लंडनमधील भारतमंत्र्याकडे होते. तामिळ जिल्ह्यांतील मजूर सिलोन व मलायातील मळ्यांवर जात. पण त्यांच्या स्थलांतराचा १९२२ चा कायदा केंद्राचा होता आणि त्या देशांतील त्यांचे हित पाहणारे एजंटही हिंदुस्थान सरकारचेच होते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता दिली. १९३७ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या २१५ पैकी १५९ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि जुलैमध्ये राजगोपालाचारी यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. या स्वायत्ततेची मर्यादा दोनच वर्षांनी उघडी पडली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, एकाही लोकनियुक्त मंत्रिमंडळाला न विचारता, हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ ऑक्टोबरात मद्रासचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानेही तोच मार्ग धरला. मद्रासचा कारभार १९४६ पर्यंत गव्हर्नरच्या हाती राहिला. ज्या विषयावर बोलण्याचा अधिकार नव्हता, त्याच विषयाने निवडून आलेले सरकार संपविले.

१९५० च्या राज्यघटनेने परराष्ट्र व्यवहार व करार संघसूचीत ठेवले. यात नवल नाही. नवल वाटावे ते निवडणुकीचे. घटनेच्या मूळ मसुद्यात राज्यांसाठी स्वतंत्र आयोग सुचविलेले होते. परंतु काही प्रांतांत भाषा, वंश वा संस्कृती यांनी भिन्न असलेल्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एकच मध्यवर्ती आयोग असावा असे ठरले. जून १९४९ मध्ये घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी हे कारण स्पष्टपणे मांडले. म्हणून आज तामिळनाडूच्या विधानसभेची निवडणूक राज्याचे कर्मचारी पार पाडतात, पण आयोगाच्या हुकमतीखाली. राज्याचा स्वतःचा निवडणूक आयोग ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आला. त्याचे क्षेत्र पंचायती व नगरपालिका एवढेच.

परराष्ट्र करारांचा भार मात्र राज्यावर पडतोच. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सिलोनमधील भारतीय वंशाच्या ५,२५,००० लोकांना भारताने परत घ्यावयाचे आणि ३,००,००० लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यावयाचे, असे ठरले. सही दिल्लीची होती. परतलेल्या मजुरांना जमीन आणि काम देण्याची जबाबदारी मुख्यत्वे मद्रासवर आली. निलगिरीत त्यासाठी सरकारी चहाचे मळे उभे राहिले.

कच्चतीवूचे प्रकरण अधिक कडवट आहे. रामनाडच्या जमीनदारीत गणले जाणारे हे २८५ एकरांचे बेट जून १९७४ च्या कराराने श्रीलंकेच्या हद्दीत गेले. हद्द वादग्रस्तच होती, तेव्हा भूमी दिली असे म्हणता येत नाही, अशी केंद्राची भूमिका. तर राज्याच्या विधानसभेने त्याच वर्षी विरोधाचा ठराव केला. पुढे मार्च १९७६ मध्ये पत्रांची देवघेव होऊन दोन्ही देशांच्या मच्छीमारांना परस्परांच्या जलक्षेत्रात मासेमारी करण्यास बंदी झाली. त्या वेळी मद्रासमध्ये विरोध करण्यास विधानसभाच नव्हती: ३१ जानेवारीस करुणानिधींचे सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली होती. विरोध असता तरी करार थांबला असता असे नाही. परंतु ज्यांच्या पोटावर तो बेतला, त्यांच्या वतीने बोलणारे त्या दिवशी कोणी सभागृहात नव्हते, ही गोष्ट लहान नव्हे.

रामेश्वरचे मच्छीमार श्रीलंकेच्या आरमाराने पकडले, की मुख्यमंत्री दिल्लीला पत्र लिहितात आणि दिल्ली कोलंबोशी बोलते. एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेने बेट परत मिळविण्याचा आणखी एक ठराव केला. तोही केंद्राला उद्देशून होता. १९७४ च्या करारानुसार भारतीय यात्रेकरूंना कच्चतीवूवर जाण्यास श्रीलंकेचा व्हिसा लागत नाही. संत अँटनीच्या उत्सवाला रामेश्वरहून होड्या जातात, मात्र जाळी किनाऱ्यावर ठेवून.