संगणक वारंवार कां कोसळतो?

घरांतला संगणक एखादे वेळीं बंद पडला तर त्याचें कोणाला फारसें कांहीं वाटत नाहीं. तो पुन्हा सुरू करावा, राहिलेलें काम पुरें करावें, कीं विषय संपला. पण तोच प्रकार आठवड्यांतून दोनदां, मग दिवसाआड, मग दिवसांतून तीनदां होऊं लागला म्हणजे घरांतील सर्वांचीच झोप उडते. वडिलांचें आयकराचें विवरणपत्र अर्धेंच राहिलेलें असतें, मुलीचा प्रबंध शेवटच्या प्रकरणावर आलेला असतो, आणि दहा वर्षांचीं छायाचित्रें त्याच यंत्रांत सांठवलेलीं असतात. अशा वेळीं पहिला आरोप बहुधा हेरगिरीपासून रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे अँटी-स्पायवेअरवर, येतो. तें सदैव जागें असतें, मधूनमधून सूचना देतें, यंत्राचा वेगही थोडा कमी करतें. तेव्हां तेंच गुन्हेगार असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. हा संशय कधीं खरा ठरतो, कधीं साफ खोटा. तो खरा मानून पहारेकऱ्याला घालवून दिलें आणि दोष दुसरीकडेच निघाला, तर यंत्र कोसळतच राहतें आणि शिवाय तें उघडेंही पडतें. म्हणून आरोपापूर्वीं पुरावा कसा गोळा करावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम ‘कोसळणें’ म्हणजे नेमकें काय, हें ठरविलें पाहिजे. कारण या एका शब्दाखालीं तीन निराळे प्रकार येतात. पहिल्यांत एकच प्रोग्रॅम, उदाहरणार्थ ब्राउझर, बंद होतो आणि बाकीचें काम चालू राहतें. दुसऱ्यांत डेस्कटॉपच नाहींसा होतो. चित्रखुणा आणि खालची पट्टी एकाएकीं अदृश्य होतात व कांहीं क्षणांनीं परत येतात. तिसऱ्यांत सगळें यंत्रच थांबतें. पडदा निळा होतो (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तींत काळा), एक सांकेतिक शब्द दिसतो, आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो.

या तिघांचीं कारणें एकच नसतात. विंडोजचा डेस्कटॉप मांडण्याचें काम ‘एक्सप्लोरर’ नांवाचा प्रोग्रॅम करतो. फाइलवर उजवी कळ दाबली असतां जी यादी उघडते, तींत इतर सॉफ्टवेअरही आपापली एकेक ओळ घालतें. ‘ही फाइल तपासा’ ही अँटी-स्पायवेअरची ओळ त्यांपैकींच. अशी ओळ पुरविणारा भाग पुष्कळदां स्वतंत्रपणें चालत नाहीं; तो एक्सप्लोररच्याच पोटांत चालतो. त्याच्या हातून चूक झाली कीं एक्सप्लोरर बंद पडतो आणि त्याच्याबरोबर सगळा डेस्कटॉप जातो. म्हणून उजवी कळ दाबतांनाच, किंवा एखादें विशिष्ट फोल्डर उघडतांनाच हा प्रकार होत असेल, तर अशा जोडभागांवर संशय घ्यावा. मात्र तसे भाग झिप-फाइलींचें आणि इंटरनेटवरील साठवणीचें सॉफ्टवेअरही बसवितें, हें विसरूं नये.

सगळें यंत्र थांबण्याचें कारण अधिक खोल असतें. नेहमींचे प्रोग्रॅम मर्यादित अधिकारांत चालतात. त्यांतील एकानें आगळीक केली तर विंडोज त्या एकट्यालाच बंद करतें. परंतु कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि तेथें काम करणारे ड्रायव्हर यांना सर्वाधिकार असतात. त्यांच्यापैकीं एकानें भलत्याच स्मृतिस्थानाला हात घातला तर पुढें डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून विंडोज जाणूनबुजून सर्व यंत्र थांबवितें. निळा पडदा हा अपघात नव्हे. मोठा अपघात टळावा म्हणून ओढलेली ती आगगाडीची सांखळी आहे.

अँटी-स्पायवेअरला नेमकें याच गाभ्यांत बसावें लागतें. प्रत्येक फाइल उघडण्यापूर्वीं ती त्याच्या नजरेखालून गेली पाहिजे. नाहीं तर हेर आधीं शिरेल आणि पहारेकरी मागून धांवेल. जितका अधिकार मोठा, तितकी चुकीची किंमतही मोठी. त्यांतून एकाच यंत्रावर असे दोन पहारेकरी एकदम जागे ठेवले, तर एकाच फाइलीवर दोघेही हक्क सांगतात, एकमेकांची वाट पाहत खोळंबतात, आणि क्वचित् एकमेकांनाच चोर समजतात. फेब्रुवारी २००६ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या अँटी-स्पायवेअरच्या चाचणी-आवृत्तीनें सिमँटेक कंपनीच्या विषाणुप्रतिबंधक सॉफ्टवेअरच्या नोंदी पासवर्ड चोरणाऱ्या ट्रोजनच्या म्हणून ओळखल्या. ज्यांनीं त्या काढून टाकण्याची सूचना मानली, त्यांचें तें सॉफ्टवेअर पंगु झालें. पुढें २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफी कंपनीच्या नव्या यादीनें विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच विषाणु ठरविली, आणि अनेक संगणक पुनःपुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यांत सांपडले.

सर्वांत मोठें उदाहरण १९ जुलै २०२४ चें. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या ‘फाल्कन’ या रक्षक सॉफ्टवेअरसाठीं एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठविली. भारतांत तेव्हां सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटें झालीं होतीं. नव्या माहितीला २१ घटकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत पुरविले जात होते २०. एकविसावा वाचण्यासाठीं गाभ्यांतील ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतींत गेला आणि यंत्रें थांबलीं. कंपनीनें ७८ मिनिटांत ती फाइल मागें घेतली. तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रांना तिचा फटका बसला. भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. उपाय साधा होता: यंत्र ‘सेफ मोड’मध्यें सुरू करून ती फाइल काढून टाकावयाची. पण असंख्य ठिकाणीं तो माणसानें यंत्रापाशीं जाऊनच करावा लागला. हें सॉफ्टवेअर घरगुती नव्हे, संस्थांसाठीं आहे; परंतु गाभ्यांत बसण्याची रीत तीच, म्हणून धडाही तोच.

इतकें असलें तरी प्रत्येक कोसळण्याचा दोष पहारेकऱ्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. सदोष रॅम हें फार आढळणारें कारण आहे. त्याची खूण अशी कीं दर वेळीं निराळा प्रोग्रॅम पडतो आणि दर वेळीं निराळा सांकेतिक शब्द दिसतो. उष्णतेमुळें होणारा बिघाड यंत्र तासभर राबल्यावर, किंवा वैशाखाच्या दुपारीं प्रकट होतो. पंख्यावर बसलेली धूळ पुसतांच तो पुष्कळदां जातो. डिस्क झिजली असेल तर फाइली उघडण्यास विलंब लागतो. विजेचा पुरवठा अनियमित असेल तर कोणताही संदेश न देतां यंत्र एकदम विझतें. चित्रपटलाचा, म्हणजे ग्राफिक्सचा, ड्रायव्हर हाही जुना आरोपी आहे. आणि शेवटीं, ज्याला शोधावयाचें तें स्पायवेअरच यंत्रांत शिरलेलें असूं शकतें.

तपासाचा आरंभ दुरुस्तीनें करूं नये, तर जतनानें करावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. ड्राइव्ह ‘बिटलॉकर’नें कुलूपबंद असेल तर त्याची ४८ अंकांची किल्ली आधींच कागदावर उतरवावी, सेफ मोडच्या वाटेवर ती मागितली जाण्याचा संभव असतो. नंतर एक वही करावी. यंत्र कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणतें काम चालू असतांना कोसळलें, आणि त्यापूर्वीं कोणतें नवें सॉफ्टवेअर किंवा उपकरण आलें, हें तींत लिहावें. माणसाची आठवण पक्षपाती असते. वही तशी नसते.

संगणकही स्वतःची वही ठेवीत असतो. स्टार्टच्या शोधपट्टींत इंग्रजींत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टंकला असतां दिवसवार आलेख उघडतो. त्यांत प्रत्येक पडझड तांबड्या फुलीनें दाखविलेली असते, आणि त्याच दिवशीं काय बसविलें गेलें तेंही कळतें. फुल्यांची सुरुवात रक्षक सॉफ्टवेअर बसविल्याच्या किंवा बदलल्याच्या दिवसापासून झाली असेल, तर संशयाला पाया आहे. त्याच्या आधींपासूनच त्या असतील, तर नाहीं. तपशीलांत ज्या भागाचें नांव येतें, तो मात्र नेहमींच गुन्हेगार नसतो. ‘एनटीडीएलएल’ हें नांव वारंवार दिसतें, कारण सर्वच प्रोग्रॅम त्याचा उपयोग करतात. दुसऱ्यानें केलेली चूक तेथें केवळ उघडकीस येते.

यापुढची पायरी सेफ मोडची. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडलें असतां त्याचा मार्ग सांपडतो. या अवस्थेंत केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. येथेंही यंत्र कोसळलें तर रॅम, उष्णता, डिस्क अथवा वीज यांकडे वळावें. रॅम तपासण्याचें साधन विंडोजमध्येंच आहे. येथें तें स्थिर राहिलें तर दोष बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरचा असावा. पण तें अँटी-स्पायवेअरच, असें अजून सिद्ध होत नाहीं, कारण येथें ग्राफिक्सचा नेहमींचा ड्रायव्हरही निजलेला असतो.

आतां पहारेकऱ्याची परीक्षा. आधीं तो अद्ययावत करावा. कारण दोष निर्मात्याला ठाऊक असेल तर बहुधा दुरुस्त झालेला असतो. दोन असतील तर एक काढावा. तरीही भागलें नाहीं तर उरलेलाही रीतसर काढावा, आणि निर्मात्यानें दिलेलें निर्मूलनाचें साधन असल्यास तेंही चालवावें. विंडोज १० व ११ मध्यें दुसरा रक्षक गेला कीं अंगचा ‘डिफेंडर’ सामान्यतः आपोआप जागा होतो. तो जागा झाल्याची खात्री करूनच इंटरनेट जोडावें. एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. यंत्र दोन दिवसांआड पडत असेल तर एका शांत दिवसाला अर्थ नाहीं. आठ-दहा दिवस वाट पाहावी. मग तेंच सॉफ्टवेअर पुन्हा बसवावें. पडझड परत सुरू झाली तर आरोप शाबीत झाला. न झाली, तर बिघडलेली जुनी जोडणीच दोषी होती आणि ती नव्यानें बसविल्यानें सुधारली, असें समजावें.

या घालमेलींतच ठकांचें फावतें. ‘तुमच्या संगणकांत शंभर हेर आहेत’ असें ओरडणारी खिडकी उघडते आणि पैसे भरून औषध घेण्यास सांगते. ‘विनफिक्सर’ हें अशाच खोट्या औषधांपैकीं एक. २००८ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें त्याच्या विक्रेत्यांविरुद्ध दावा लावला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या निळ्या पडद्यावर दूरध्वनीचा क्रमांक कधींही नसतो. ज्याच्यावर तो असेल, तो पडदा भामट्याचा, असें घरांतल्या लहानथोरांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. त्यावर फोन करूं नये आणि कोणाही अनोळखी माणसाला दुरून यंत्र हाताळूं देऊं नये. पैसे गेलेच तर भारतांत १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या प्रणालीच्या भिंतींची डागडुजी थांबली आहे, तींत पहारेकऱ्याला काढून टाकणें अधिकच धोक्याचें. यंत्राला पहारा हवाच. पण तो एकाचा असावा, विश्वासाचा असावा, आणि त्याला दूर करावयाचें तर रागाच्या भरांत नव्हे, वहींतल्या नोंदी पाहून दूर करावें.