वीस रुपयांचा वाटा

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2002 नंतरच्या दोन-तीन वर्षांत एका माणसाला संगणकाची तोंडओळख करून द्यायचा खर्च 140 रुपये धरला होता. त्यातले 80 रुपये ग्रामपंचायत द्यायची, 20 ब्लॉक पंचायत आणि 20 जिल्हा पंचायत. उरलेले 20 रुपये शिकणाऱ्याच्या घरानं भरायचे. प्रत्येक कुटुंबातल्या निदान एकाला तरी हे शिक्षण मिळावं, असं ठरलं होतं आणि जिल्ह्यात कुटुंबं होती सहा लाखांच्या वर. ‘अक्षय’ नावाच्या या उपक्रमाबद्दल पुढे बरंच लिहिलं गेलं, त्याचे वायरलेस मनोरे आणि नकाशे प्रसिद्ध झाले. मला मात्र त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही 140 रुपयांची वाटणी. फुकट शिक्षणाचे पैसे कुणीतरी भरतच असतं. इथे त्यातला सर्वांत मोठा वाटा गावानं उचलला होता.

मलप्पुरम म्हणजे केरळातला सुबत्तेचा जिल्हा नव्हे. 1969 साली तो वेगळा झाला तेव्हापासून शिक्षण आणि उद्योग या दोन्हींत मागे पडलेला भाग म्हणूनच त्याचं नाव घेतलं जाई. मुस्लिम बहुसंख्या, दाट वस्ती, कारखाने जवळजवळ नाहीत आणि घरटी कुणी ना कुणी आखाती देशांत कामाला. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या 36 लाखांच्या आसपास होती. महिन्याला मनीऑर्डर येणारी, पण कर्ता पुरुष दोन-दोन वर्षं घरी न येणारी हजारो घरं या जिल्ह्यात होती.

तरी याच जिल्ह्याकडे एक मोठी शिदोरी होती. 18 एप्रिल 1991 रोजी कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती कुणा मंत्र्यानं केली नाही. चेलक्काडन आयिशा या मलप्पुरम जिल्ह्यातल्या, साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेल्या बाईंनी केली. त्या मोहिमेत घरोघर जाणारे कार्यकर्ते, रस्त्यावरची कलापथकं, संध्याकाळी ओटीवर भरणारे वर्ग हे सगळं लोकांनी पाहिलेलं, केलेलं होतं. दहा-बारा वर्षांनी ‘आता संगणक’ असं कुणी म्हटलं, तेव्हा काम कसं करायचं हे गावाला नव्यानं सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. 1996 साली केरळनं लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना खर्चातला 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक स्वराज्य संस्थांकडे द्यायचं ठरवलं. त्यातला मोठा भाग कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेत बोलून ठरायचं. या मोहिमेची राजकीय बाजू, तिच्यातले वाद, पक्षांची भांडणं यांवर स्वतंत्र लेख होईल, तो विषय इथे सोडून देतो. आपल्या कामापुरतं इतकंच की 2002 साली मलप्पुरमच्या एखाद्या ग्रामपंचायतीकडे 80 रुपये गुणिले हजार कुटुंबं एवढी रक्कम खर्च करण्याची ताकद होती आणि अधिकारही होता. हे नसतं, तर ‘अक्षय’ राज्य सरकारच्या आणखी एका योजनेसारखं वरून खाली आलं असतं आणि वरचा निधी आटला की संपलं असतं.

मागणीही जिल्ह्यातूनच गेली. जिल्हा पंचायतीनं राज्याच्या आयटी मिशनला म्हटलं की आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घरात एकाला तरी संगणक हाताळता यायला हवा, त्याची आखणी करून द्या. 18 नोव्हेंबर 2002 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते उपक्रमाचं उद्घाटन झालं.

आखणी मोठी नेमकी होती. कुठल्याही घरापासून दोन किलोमीटरच्या आत एक केंद्र असलं पाहिजे, हा पहिला नियम. बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, घरकाम उरकून निघणाऱ्या सुनेला चालत जाऊन तासाभरात परत येता आलं पाहिजे, एवढा विचार त्या दोन किलोमीटरमागे होता. एका केंद्राकडे साधारण हजारावर कुटुंबं. या हिशेबानं जिल्ह्यात सहाशेच्या वर केंद्रं उभी राहिली. केंद्र सरकारी नव्हतं. स्थानिक तरुण-तरुणींनी कर्ज काढून, तीन लाखांच्या आसपास घालून, पाच-दहा संगणक मांडून ते चालवायचं. चालवणाऱ्याची निवड करताना पंचायतीचं मत घेतलं जायचं. वीज, जागा, खुर्च्या, पंखे ही जबाबदारी त्याची. शिकणारी माणसं आणि त्यांच्यामागचे पैसे ही जबाबदारी पंचायतीची.

आणि अभ्यासक्रम? एकूण 15 तासांचा. त्यात माऊस हातात बसावा म्हणून आधी खेळ होते, मग चित्र काढणं, मलयाळममध्ये टाइप करणं, इंटरनेटवर काहीतरी शोधणं, ई-मेल. 15 तासांत कुणी संगणकतज्ज्ञ होत नाही, आणि तसा दावाही नव्हता. भीती जावी, हात वळावा, ही आपल्यासाठीची वस्तू आहे असं वाटावं, एवढंच मागणं होतं. माझ्या मते हा संयम योग्य होता. पहिल्याच पायरीवर कोडिंग आणि प्रमाणपत्रं आणली असती, तर चौथी शिकलेली बाई दारातूनच परत गेली असती.

बायका परत गेल्या नाहीत. शिकायला येणाऱ्यांत बहुसंख्य त्याच होत्या. त्याचं कारण उघड आहे. दुबईला, रियाधला असलेल्या नवऱ्याशी, मुलाशी बोलायला आंतरराष्ट्रीय फोनचे दर परवडत नसत. केंद्रात बसून काही रुपयांत त्याचा आवाज ऐकता यायचा, कॅमेरा असला तर चेहराही दिसायचा. शिकण्याची गरज घरातच तयार होती. पंचायतीनं फक्त केंद्राचं दार जवळ आणलं आणि आत जायचे पैसे भरले. 2003 साली तिरूरजवळचं चम्रवट्टम हे देशातलं पहिलं ई-साक्षर गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि पुढे मलप्पुरमला पहिला ई-साक्षर जिल्हा असं नाव मिळालं.

आता अवघड भाग, तो टाळून चालणार नाही. हजार कुटुंबं गुणिले 140 म्हणजे 1 लाख 40 हजार रुपये. केंद्र उभारायला लागले होते तीन लाख. म्हणजे पंचायतीनं ठरलेले सगळे पैसे वेळेवर दिले, तरी चालवणाऱ्याचं निम्मं भांडवलही सुटत नव्हतं. बाकी त्यानं झेरॉक्स, टायपिंग, पुढचे सशुल्क वर्ग, परदेशी फोन यांतून कमवायचं होतं. मोठ्या गावात ते जमलं. आतल्या, डोंगराकडच्या पंचायतींत जमलं नाही. पहिली फेरी संपली, प्रत्येक घरातलं एक माणूस शिकून झालं, आणि पंचायतींच्या अंदाजपत्रकातली ती ओळही संपली. बरीच केंद्रं बंद पडली. जी टिकली ती पुढे दाखले, बिलं, आधार, शिधापत्रिकेचे अर्ज यांच्या कामावर टिकली. आज केरळभर ‘अक्षय’ म्हटलं की लोकांना अर्ज भरून देणारं केंद्र आठवतं. ते काम उपयोगी आहेच. पण शिकवणारं केंद्र अर्ज भरून देणारं केंद्र झालं की नातं उलटं होतं. पूर्वी बाई स्वतः बटण दाबायला शिकत होती, आता ती काउंटरपलीकडे उभी राहते आणि दुसरा कुणीतरी तिच्यासाठी बटण दाबतो. ही घसरण पैशाच्या आखणीतून आली, असं मला वाटतं. शिक्षण एकदाच द्यायची गोष्ट मानली आणि तंत्र मात्र दर चार वर्षांनी बदलत राहिलं.

स्मार्टफोन आला तेव्हा हे चांगलंच जाणवलं. माऊस शिकलेल्या पिढीला स्क्रीनवर बोट फिरवणं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं. रोजगार हमीवर राबणाऱ्या बायकांची मजुरी खात्यात जमा व्हायची, आणि ती जमा झाली की नाही हे विचारायला कामाचा दिवस बुडवून बँकेत जावं लागायचं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लंपारा ग्रामपंचायतीनं हा प्रश्न हातात घेतला. घरोघर पाहणी करून 14 ते 65 वयातली मोबाइलचा वापर न येणारी माणसं शोधली. अशी जवळपास चार हजार निघाली. मग त्यांना केंद्रात बोलवण्याऐवजी शिकवणारेच कामाच्या ठिकाणी गेले. रोजगार हमीच्या बांधावर, जेवणाच्या सुट्टीत, कुडुंबश्रीच्या बचतगटांच्या बैठकीत, आजारी माणसाच्या खाटेपाशी. 21 सप्टेंबर 2022 रोजी पुल्लंपारा पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. हीच पद्धत मग राज्यभर नेली गेली. ‘डिजी केरळम्’ नावाच्या मोहिमेत स्थानिक संस्थांच्या पाहणीतून सुमारे 22 लाख माणसं शिकणारी म्हणून निघाली. अडीच लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी त्यांना शिकवलं, आणि 21 ऑगस्ट 2025 रोजी केरळनं पूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली. वयाची वरची मर्यादा ठेवली नव्हती, त्यामुळे शंभरी ओलांडलेले शिकणारेही त्यात होते. घोषणेतल्या टक्केवारीवर कुणी शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण नाव-गाव धरून, घर धरून यादी करणारी आणि त्या यादीवर शिकवून झाल्याची खूण करणारी यंत्रणा ग्रामपंचायत होती, हे विसरता कामा नये. मंत्रालयातून अशी यादी होत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात ‘अक्षय’च्याच सुमाराला, 2001 साली, एमएस-सीआयटी आली. लाखो मुलामुलींनी ती केली, खेड्यापाड्यांत संगणक पोचवण्याचं मोठं काम तिनं केलं यात शंका नाही. फरक एवढाच की तिथे फी शिकणाऱ्यानं भरायची होती. ज्याच्या बापाला फी परवडली तो शिकला, आणि नोकरीसाठी लागणार म्हणून शिकला. शेतमजूर बाई त्या वर्गाची गिऱ्हाईक कधीच नव्हती. याला एक चांगला अपवाद आपल्याच जिल्हा परिषदांनी घडवला आहे. महिला व बालकल्याण समितीसाठी राखून ठेवलेल्या 10 टक्के सेस निधीतून ग्रामीण मुलींची एमएस-सीआयटीची फी भरली जाते. अर्ज करावा लागतो, उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, निधी असेल तेवढ्याच मुलींना लाभ मिळतो. तरीही स्थानिक संस्थेनं स्वतःच्या पैशातून एका मुलीचं शिकणं विकत घेतलं, ही मलप्पुरमच्याच जातीची गोष्ट आहे.

याउलट वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट येऊ लागल्यावर आपल्या गावांनी तंत्रशिक्षणाच्या नावानं बहुतेक वस्तू घेतल्या: एलईडी पडदे, प्रोजेक्टर, टॅब, डिजिटल वर्गाचं सामान. वस्तूचं बिल होतं, वस्तूचा फोटो निघतो, वस्तूचं उद्घाटन होतं. शिकवण्याच्या तासाचं बिल कसं करायचं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, तो लेखाशीर्ष शोधत बसेल. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याच्या नमुन्यात शाळेच्या खोल्या, अंगणवाडीची खेळणी बसतात. पाच बायकांना रोज तासभर मोबाइलवरून सातबारा उतरवून घ्यायला आणि बँकेचा शिलकीचा निरोप वाचायला शिकवणाऱ्या गावातल्याच मुलीचं मानधन मात्र कुठल्या रकान्यात टाकायचं, याचा विचार आधी कुणी केलेला नसतो.

मलप्पुरमच्या पंचायतींनी तो रकाना तयार केला होता, आणि तो माणशी 80 रुपयांचा होता. त्यांच्या चुका आपल्याला दिसतात: एकच फेरी, एकाच माणसापुरती, चालवणाऱ्याला न परवडणारी. त्या टाळून आराखड्यात दरवर्षी एक ओळ घालता येईल. किती माणसं शिकवायची, कोण शिकवणार, माणशी किती देणार, शिकून झालं हे कसं तपासणार. नव्या फोनसाठी, नव्या फसवणुकीसाठी, नव्या सरकारी ॲपसाठी ती दरवर्षी नव्यानं लिहावी लागेल. ग्रामसभेत हिशेब वाचला जातो तेव्हा गटारीच्या लांबीइतकंच या ओळीचंही उत्तर सरपंचाला द्यावं लागेल, आणि ज्या घरांची नावं यादीत राहिली असतील ती घरं समोरच बसलेली असतील.