पाण्याच्या पोटात – लेखांक ७ : सूटमधली हवा

कॅसलरॉक स्टेशनवर पाणी पिऊन रिकामी झालेली बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत टाका आणि ब्रागांझा घाट उतरून वास्कोला जा. बाटलीच्या अंगाला खळगे पडलेले दिसतील. सुमारे ६०० मीटर खाली आल्यावर हवेचा दाब जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढतो, त्याने ती दबते. हा घाट ३७ मीटरला १ मीटर असा चढतो, मालगाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. पाण्यात मात्र दाबाचा तेवढाच फरक अवघ्या ७० सेंटिमीटरवर पडतो. अख्खा ब्रागांझा घाट मांडीभर पाण्यात मावतो!

ड्रायसूट घालून उतरणारा पाणबुड्या अशीच एक बंद बाटली अंगावर घेऊन जात असतो. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या वेटसूटमध्ये पाणी शिरतं. ड्रायसूट मानेशी आणि मनगटांशी घट्ट बसतो, पाणी बाहेरच राहतं, आत उबदार कपडे आणि हवा. तारकर्ली किंवा नेत्राणीच्या कोमट समुद्रात त्याची गरज नाही. आइसलंडमधल्या सिल्फ्राच्या भेगेत पाणी २ ते ४ अंशांवर असतं, तिथे त्याच्याशिवाय चालत नाही.

खाली जाताना आतली हवा आकसते, सूटच्या चुण्या कातडीला चिमटे काढतात. तेव्हा छातीवरची झडप दाबून थोडी थोडी हवा घ्यायची. वर येताना हीच हवा पसरते, सूट जास्त पाणी बाजूला सारतो, प्लावक बल वाढतं, माणूस वेगाने वर जातो आणि त्या वेगाने हवा आणखी पसरते. २० मीटरवरून १० वर येताना ती दीडपट होते, १० वरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट. म्हणून उथळ पाणीच जास्त अवघड. बाहेर सोडायची झडप बहुधा डाव्या दंडावर असते. वर निघण्याआधीच ती उघडी ठेवावी आणि कोपर उचलून हवा सोडत यावं.

हवा गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी नेहमी उंच जागा शोधते. डोकं खाली झालं की ती पायांत जमते, पाय फुग्यासारखे वर ओढले जातात आणि झडप खाली राहिल्याने हवा सुटत नाही. अशा वेळी पाय झाडून काही होत नाही. गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारून उभं व्हायचं, कोपर वर करायचं.

या सगळ्याचं मूळ माझ्या मते एकच आहे : पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधलेलं, पण गरजेपेक्षा जास्त शिसं. जास्त शिसं तोलायला जास्त हवा लागते आणि ती जास्तीची हवाच सूटभर भटकते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २४०० लिटर हवा मावते, तिचं वजन जवळजवळ ३ किलो. ५० बार उरेपर्यंत त्यातली २ किलोंहून अधिक हवा श्वासात गेलेली असते, सिलिंडर तेवढं हलकं झालेलं असतं. म्हणून शिशाची परीक्षा शेवटी घ्यावी : ५० बार उरलेले, सूट जवळजवळ रिकामा, आणि ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. पाणी बदललं की हिशेबही बदलतो. माणूस आणि सामान मिळून १०० लिटर पाणी बाजूला सारत असतील, तर समुद्रात पेललं जाणारं अडीच किलो वजन काळी नदीवरच्या सूपा जलाशयासारख्या गोड्या पाण्यात पेललं जाणार नाही, तेवढं शिसं काढावं लागेल.

तोल सांभाळायची हवा सूटमध्ये घ्यावी की पाणबुड्याच्या हवा भरता येणाऱ्या जाकिटात, यावर प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. मला पटतं ते असं : सूटमध्ये चिमटे थांबण्यापुरती आणि ऊब टिकण्यापुरती, बाकीची जाकिटात.

परदेशी जाऊन ड्रायसूट भाड्याने घेणाऱ्या वाचकांना एक कळकळीची विनंती. पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उतरू नका. आधी तलावात, प्रशिक्षकासमोर, पाय मुद्दाम वर जाऊ द्या आणि तिथून उभं राहायला शिका.