हार्डवेअर वॉलेटची संगणकाशी जोडणी : शिक्का, मजकूर आणि भाषा

‘हार्डवेअर वॉलेट’ हे नाव अर्थदृष्ट्या फसवे आहे. वॉलेट म्हणजे पैशाचे पाकीट. परंतु क्रिप्टोकरन्सी बाळगणाऱ्याच्या या छोट्या यंत्रात पैसा मुळीच नसतो. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, याची नोंद जगभरच्या संगणकांनी मिळून राखलेल्या एका सामाईक खातेवहीत असते. यंत्रात असते ती केवळ एक गुप्त संख्या, आणि तिचे मुख्य कार्य एकच : नाणी दुसऱ्या पत्त्यावर वळविण्याच्या आदेशाखाली सही करणे. तेव्हा पाकिटापेक्षा शिक्क्याची उपमा अधिक यथार्थ ठरेल. ‘शिक्का सुरक्षित आहे’ आणि ‘कागदावर योग्य तेच लिहिले आहे’ ही दोन विधाने भिन्न होत. हे यंत्र संगणकास जोडताना होणाऱ्या फसवणुकीचे मूळ पुष्कळदा या दोहोंच्या गल्लतीत आढळते.

यंत्र यूएसबी केबलने जोडल्यावर संगणक आदेशाचा मजकूर तयार करून यंत्राकडे पाठवितो. यंत्र आपल्या आतच सही करते आणि ती सही तेवढी परत धाडते. गुप्त संख्या केबलमधून बाहेर पडत नाही, अशीच यंत्राची रचना असते. म्हणून संगणकात एखादा दुष्ट प्रोग्राम शिरलेला असला, तरी शिक्का चोरणे त्याला साधत नाही. मजकूर बदलणे मात्र साधते. नक्कल करून चिकटविलेल्या पत्त्याच्या जागी ऐनवेळी दुसरा पत्ता घालणारे प्रोग्राम सर्वश्रुत आहेत. यास्तव संगणकाचा मोठा पडदा हा अविश्वसनीय साक्षीदार मानावा. प्रमाण मानावयाचा तो यंत्राचा स्वतःचा लहानसा पडदा.

जोडणीचे नियम या तत्त्वातूनच निष्पन्न होतात. यंत्र उत्पादकाकडून अथवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे. प्रथम जोडणीच्या वेळी १२ किंवा २४ पुनःप्राप्तिशब्द यंत्रानेच नव्याने सांगितले पाहिजेत. ते खोक्यात आधीच छापून आले असतील, तर ते यंत्र वापरूच नये. हे शब्द ज्याच्या हाती, त्याची नाणी. म्हणून ते कागदावर लिहावेत, त्यांचे छायाचित्र घेऊ नये, आणि संगणकावरील जी खिडकी ते मागेल ती फसवी समजावी. सोबतचा प्रोग्राम उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. सही करण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावरील पत्ता व रक्कम पूर्ण वाचावी, आणि काम संपताच यंत्र काढून ठेवावे.

हे नियम क्षुल्लक वाटल्यास मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या विनिमय केंद्राचे उदाहरण पाहावे. १८ जुलै २०२४ रोजी या केंद्राची सुमारे २३ कोटी अमेरिकन डॉलर किमतीची मालमत्ता नाहीशी झाली. त्या खात्यातील व्यवहारास केंद्राच्या तिघांची आणि अभिरक्षक संस्थेची अशी चौघांची संमती लागे. केंद्राचे सहीकर्ते हार्डवेअर वॉलेटच वापरीत. पडद्यावर दिसलेला मजकूर आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर यांत तफावत होती, असे केंद्राने आपल्या निवेदनात म्हटले. अभिरक्षक संस्थेने स्वतःच्या यंत्रणेचा दोष नाकारला. दोष कोणाचाही असो, केंद्राचे निवेदन ग्राह्य धरल्यास शिक्के चोरीस गेले नव्हते. खऱ्या शिक्क्यांनी भलताच कागद मान्य केला होता. गुंतागुंतीच्या व्यवहारांत यंत्राचा पडदा पुष्कळदा अर्थहीन दिसणारी अक्षर-अंकांची मालिकाच दाखवितो, आणि तिच्याखाली होणाऱ्या सहीस ‘आंधळी सही’ म्हणतात.

मराठवाड्यास ही गोष्ट नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील भोकरचा परिसर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. मराठी अथवा तेलुगू बोलणाऱ्या निरक्षर शेतकऱ्यास कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे व त्याच्या शब्दावर विसंबून अंगठा उठवावा लागे. अंगठा खरा, बोट त्याचेच. परंतु मजकुराचा अर्थ दुसऱ्याच्या मुखी. आंधळ्या सहीचे स्वरूप नेमके हेच आहे. वाचून दाखविणाऱ्याची जागा येथे संगणकाने घेतली आहे, इतकेच.

येथे भाषाभ्यासकाचा प्रश्न उद्भवतो. पुनःप्राप्तिशब्दांचे प्रचलित मानक २०१३ साली मांडले गेले. त्याच्या प्रत्येक यादीत २०४८ शब्द असतात, आणि इंग्रजी यादीतील कोणताही शब्द पहिल्या चार अक्षरांवरून निश्चित ओळखता येतो. मानकासोबत जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक व पोर्तुगीज याद्या आहेत. भारतीय भाषेची एकही नाही. भोकरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. परंतु तेथील मनुष्यास आपली ठेव परकीय शब्दांच्या स्वाधीन करावी लागते, आणि अपरिचित शब्द उतरविताना चूक सहज होते.

तथापि मराठी यादी म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. ‘हिंदी’ व ‘हिन्दी’ ही रूपे वाचकास एकच वाटतात. संगणकास ती भिन्न होत. ऱ्हस्वदीर्घाचे विकल्प, अनुस्वार व परसवर्ण, जोडाक्षरांतील रफाराची भिन्न लेखने अशा सर्व स्थळी संदिग्ध ठरणारे शब्द वगळून, आरंभीच्या मोजक्या अक्षरांवरून परस्परांपासून निराळे ओळखता येतील असे २०४८ परिचित शब्द निवडणे, हा कोशरचनेचा व लेखनव्यवस्थेचा संयुक्त प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत मराठी वापरणाऱ्याने इंग्रजी शब्द एकेक अक्षर ताडून उतरवावेत. आणि यंत्राच्या पडद्यावरील मजकूर ज्यास समजत नसेल, त्याने सही करू नये.