माशीच्या डोळ्यातली सातवी पेशी

पेशीतल्या संदेशवहनाचा नवा नकाशा जाहीर झाला की बातमीत शेकडो टिंबं, हजारो बाण असतात आणि ‘कॅन्सरचं कोडं सुटणार’ हे ठरलेलं वाक्यही. बाण कुठून कुठे जातो हे मुळात कळलं कसं, याबद्दल अवाक्षर नसतं. खरी गंमत तर तिथेच आहे!

फळमाशीच्या डोळ्यात सुमारे ८०० बारीक नेत्रिका असतात, प्रत्येकीत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. सातवी अतिनील प्रकाश पाहते. १९७०च्या दशकात कॅलटेकमध्ये सेमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत अतिनील दिव्याकडे न जाणारी माशी सापडली. तिला सातवी पेशीच नव्हती. बिघडलेल्या जनुकाचं नाव पडलं ‘सेव्हनलेस’.

सातवी पेशी घडण्यासाठी आठव्या पेशीकडून आलेला निरोप सेव्हनलेस प्रथिन सातवीच्या आत पोचवतं. पण पुढे कुणाकडे? पुढची जनुकं शरीरभर लागतात. ती पूर्ण निकामी केली तर माशीच जगत नाही. १९९१ साली बर्कलीत जेरल्ड रुबिन यांच्या गटातल्या मायकल सायमन आणि सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती अफलातून होती. तापमानाला हळवं असं सेव्हनलेस घेऊन त्यांनी निरोप जेमतेम पोचेल एवढाच ठेवला. मिणमिणता दिवा तेल जरा कमी पडलं तरी विझतो. तसं साखळीतल्या एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की सातवी पेशी गायब, माशी मात्र ठणठणीत. हजारो माश्यांचे डोळे तपासून सात जनुकं हाती लागली. त्यांत एक ‘सन ऑफ सेव्हनलेस’ (माशीवाल्यांचं बारसं असंच असतं) आणि एक रास. माणसाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या कॅन्सरांत बिघडलेलं असतं, तेच रास.

बाणांना वेळ मात्र कळत नाही. रासच्या साखळीत खाली ईआरके नावाचं प्रथिन आहे. २०१३ साली हार्वर्डमध्ये चकाकणारे सूचक घालून ते जिवंत पेशींत पाहिलं, तर ते थांबून थांबून ठोके देत होतं, आणि पेशी विभागणार की नाही हे ठोक्यांच्या वारंवारतेशी निगडित होतं.

२०१९ साली ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये या दोन्ही वाटा, म्हणजे जनुकं शोधणारी चाळणी आणि पेशी पाहणारा कॅमेरा, एकत्र आल्या. ९५२ जनुकं, लाखो पेशी. कुठल्या पेशीत कुठलं जनुक तोडलंय, हे सूक्ष्मदर्शकाखाली जागच्या जागीच वाचलं. तंत्र झकास आहे. पण त्या पेशी होत्या हेला, म्हणजे १९५१ सालच्या एका गाठीतून आलेल्या, गुणसूत्रांचा पार गोंधळ झालेल्या. निरोगी पेशीचे बाण तिथे तसेच सापडतील, हे कुणी गृहीत धरू नये.